वनौषधीतील जड धातूंचा सूक्ष्म हिशेब

महाराष्ट्रातील घराघरांत आजही बाळगुटीची एक पुरचुंडी जपून ठेवलेली असते. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, अतिविष, सुंठ, हळकुंड, जायफळ अशी मुळ्या-फळांची ही पुंजी. सहाणेवर प्रत्येकीचे एक-दोन वेढे द्यायचे आणि ते चाटण आईच्या दुधात बाळाला चाटवायचे, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मोठ्या माणसांसाठी गुळवेलीचा काढा, अश्वगंधाचूर्ण, शतावरीकल्प, त्रिफळा हेही ओळखीचेच. निसर्गातून आलेली वस्तू निर्धोक असणारच, या श्रद्धेवर हा सारा व्यवहार उभा आहे. परंतु वनस्पती ज्या मातीत वाढते, जे पाणी पिते आणि ज्या हवेत श्वास घेते, त्यांचा अंश तिच्या मुळा-पानांत उतरल्यावाचून राहत नाही. मातीत शिसे असेल तर मुळीत शिसे येते. पाण्यात कॅडमियम असेल तर पानात कॅडमियम येते. डोळ्यांना, जिभेला वा नाकाला त्याचा मागमूसही लागत नाही. तो लागतो केवळ प्रयोगशाळेतील उपकरणांना.

औषधी वनस्पतींतील जड धातू मोजण्याचे हे शास्त्र गेल्या काही दशकांत फार सूक्ष्म झाले आहे. त्याचा परिचय करून घेण्यास बंगळुरूइतके समर्पक शहर दुसरे क्वचितच सापडेल.

इशारा कोठून आला?

डिसेंबर २००४ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात डॉ. रॉबर्ट सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून त्यांनी दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदीय उत्पादने विकत घेतली आणि त्यांची तपासणी केली. त्यांपैकी १४ उत्पादनांत, म्हणजे दर पाचांतील एकात, शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. या वृत्ताने भारतीय औषध उद्योगात मोठी खळबळ उडाली. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी केली. तेव्हाही हे प्रमाण २०.७ टक्के निघाले. विशेष म्हणजे अमेरिकेत तयार झालेली उत्पादनेही यातून सुटली नव्हती.

या अभ्यासाने एक महत्त्वाचा भेद पुढे आणला. आयुर्वेदात काष्ठौषधी आणि रसौषधी असे दोन प्रवाह आहेत. रसौषधींत पारा, गंधक, ताम्र, वंग आदी द्रव्ये शोधन-मारणादी संस्कार करून हेतुपुरस्सर वापरली जातात. त्यांचे नियम व त्यांविषयीचा वाद हा स्वतंत्र विषय होय. २००८ च्या अभ्यासात रसशास्त्रीय उत्पादनांपैकी ४०.६ टक्क्यांत धातू आढळले. तथापि उरलेल्या, म्हणजे रसशास्त्रात न मोडणाऱ्या उत्पादनांतही हे प्रमाण १७.१ टक्के होते. ज्या औषधात धातू घातल्याचा कोणताही दावा नाही, त्यात तो आला कसा, हा प्रश्न म्हणूनच अधिक गंभीर ठरतो.

भारत सरकारच्या आयुष विभागाने १४ ऑक्टोबर २००५ रोजी आदेश काढून १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. त्यासाठी ठरविलेल्या मर्यादा अशा : शिसे दहा लाख भागांत १० भाग, आर्सेनिक ३ भाग, पारा १ भाग आणि कॅडमियम अवघा ०.३ भाग.

बँकेच्या भाषेत हे प्रमाण चटकन समजते. एक कोटी रुपयांच्या रकमेत शिशासाठी १०० रुपये, आर्सेनिकसाठी ३० रुपये, पाऱ्यासाठी १० रुपये आणि कॅडमियमसाठी केवळ ३ रुपये इतकीच ही सवलत आहे. कोटीच्या ताळेबंदातील तीन रुपयांची तफावत बिनचूक शोधून दाखवावी, तसे हे काम आहे.

धातू येतात कोठून?

पहिला आणि मोठा स्रोत म्हणजे जमीन आणि पाणी. कारखान्यांचे सांडपाणी, शहरी मैला-गाळ, फॉस्फेटयुक्त खतांसोबत येणारे कॅडमियम आणि पूर्वी शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून रस्त्यांच्या कडेला साचलेले शिसे यांनी माती दूषित होते. वनस्पतींचे वर्तनही सारखे नसते. शिसे बहुधा मुळांतच अडकून राहते. कॅडमियम मात्र चपळ आहे. ते खोडावाटे पानांपर्यंत सहज पोहोचते, आणि जमीन आम्ल असेल तर अधिकच. साहजिकच मुळी वापरायची की पान, यावर कोणत्या धातूची चिंता अधिक करायची हे अवलंबून असते.

काही औषधींचे वसतिस्थानच जोखमीचे आहे. वेखंड पाणथळीत वाढते. ब्राह्मी ओढ्या-तळ्यांच्या काठी पसरते. ब्राह्मी या नावाने आपल्याकडे नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशा दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, परंतु ओलाव्याची आवड दोघींनाही आहे. शहराचे सांडपाणी जेथे मिसळते, तेथील ओलाव्यात धातूही असतात. नीरब्राह्मी तांबे व कॅडमियम पाण्यातून शोषून घेते, हे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारासच दाखवून दिले होते. पाणी शुद्ध करण्याच्या दृष्टीने हा तिचा गुण, पण औषध म्हणून ती खाणाऱ्याच्या दृष्टीने तोच दोष! त्याच शहरातील एका पुढील अभ्यासात वर्दळीचा रस्ता, औद्योगिक वसाहत आणि निवासी भाग येथील औषधी वनस्पतींची तुलना केली असता, एकाच जातीच्या वनस्पतीतील धातूंचे प्रमाण जागेगणिक बदलत असल्याचे आढळले.

दुसरा स्रोत म्हणजे काढणीनंतरची हाताळणी. डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेला माल, न धुता पोत्यांत भरलेल्या मुळ्यांवरील माती आणि झिजलेल्या चक्कीतून मिसळणारे धातूचे कण यांची भर पडत जाते. तिसरा स्रोत भेसळीचा. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य चोळले जात असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये उघडकीस आणले. तेथील शासनाने बाजारपेठांत तपासणी करून दंडात्मक कारवाई केली, जनजागृती केली आणि बाजारातील शिसेयुक्त हळदीच्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. मोजमाप आणि अंमलबजावणी हातात हात घालून चालली तर काय साधते, याचे हे बोलके उदाहरण होय.

येथे प्राचीन आचार्यांच्या दूरदृष्टीचेही स्मरण करावयास हवे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी गोळा करण्याची भूमी कशी असावी, याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वारुळे, स्मशान, वधस्थान, खडकाळ वा वालुकामय जागा तेथे वर्ज्य सांगितल्या आहेत. आजच्या काळात या यादीत महामार्गाची कड, कारखान्याचा नाला आणि कचऱ्याचे आगार यांची भर घालणे हा त्याच विचाराचा स्वाभाविक विस्तार ठरेल.

बंगळुरूचे दोन धडे

शिशाच्या विषबाधेचा प्रश्न देशापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात बंगळुरूकडे जाते. या शहरातील जॉर्ज फाउंडेशनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरू, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांसह प्रमुख शहरांतील मुलांच्या रक्तातील शिशाची पाहणी केली. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात, दर डेसिलीटरमागे १० मायक्रोग्रॅम या तेव्हाच्या चिंताजनक पातळीहून अधिक शिसे आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच शहरात शिसे-विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिसे-विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी या विषयाला इतके वाहून घेतले की, ते ‘लेड मॅन ऑफ इंडिया’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

या कार्याचा पहिला धडा असा की, शिशाची विषबाधा गाजावाजा न करता येते. पोटदुखी, रक्तक्षय, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे अशा सामान्य तक्रारींच्या आड ती दडलेली असते आणि रक्त तपासल्याखेरीज तिचे निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक अंश लहान मुलांचे शरीर शोषून घेते आणि शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते. कॅडमियम मूत्रपिंडात अशीच दीर्घकाळ वस्ती करते.

दुसरा धडा वनस्पतीच्या ओळखीचा. शहराच्या उत्तरेस येलहंकाजवळ जारकबंडे कावल येथे ‘फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स’ ही संस्था आहे. १९९३ मध्ये सॅम पित्रोदा आणि दर्शन शंकर यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. औषधी वनस्पतींचे वाळविलेले नमुने सांभाळणारे वनस्पतिसंग्रहालय आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या कच्च्या औषधी द्रव्यांचा संग्रह ही तिची मोलाची ठेव होय. पुढे याच कार्यातून ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ उभे राहिले. अडत्याच्या पोत्यावर लिहिलेले नाव आणि पोत्यातील मुळी यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यासाठी असा प्रमाण-संग्रह अत्यावश्यक असतो. खातेदाराची ओळख पटल्याशिवाय खाते उघडता येत नाही, तसेच वनस्पतीची ओळख पटल्याशिवाय तिच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

याखेरीज हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था, केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे संशोधन केंद्र, कृषी विज्ञान विद्यापीठ आणि अनेक वनौषधी उद्योग या शहरात आहेत. शेती, संशोधन, उत्पादन आणि वैद्यक यांची साखळी येथे एकत्र दिसते. मात्र त्याच शहरातील वृषभावती नदी आणि बेळ्ळंदूर, वर्तूर ही तळी सांडपाण्याने ग्रासलेली आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्तूर तळ्यातील जड धातूंचा अभ्यासही केला आहे. अशा पाण्यावर पिकणारी भाजी असो वा औषधी, दोन्ही तपासणीस पात्र ठरतात.

मोजतात कसे?

धातू मोजण्याची सुरुवात उपकरणापासून होत नाही, ती पोत्यापासून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार पाच पोत्यांपर्यंतचा माल असेल तर प्रत्येक पोत्यातून, त्याहून अधिक पण पन्नासपर्यंत पोती असतील तर पाच पोत्यांतून आणि पन्नासहून अधिक असतील तर दहा टक्के पोत्यांतून नमुना घेतला जातो. तोही वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांतून. हे सारे नमुने एकत्र करून त्यांचा चौकोनी ढीग करतात, त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवतात, दोन टाकतात आणि हवे तेवढे प्रमाण उरेपर्यंत ही कृती पुन्हापुन्हा करतात. लेखापरीक्षकाने केवळ वरच्या दहा पावत्या पाहून अहवाल दिला तर त्याला जे मोल, तेच केवळ वरची मूठभर मुळी तपासण्याला.

नंतर नमुना वाळवून दळला जातो. दळणाऱ्या यंत्रातून धातू मिसळणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. सुमारे अर्धा ग्रॅम भुकटी टेफ्लॉनच्या बंद पात्रात अतिशुद्ध नायट्रिक आम्लासह घालून सूक्ष्मलहरींच्या भट्टीत तापवितात. सेंद्रिय भाग विरघळून जातो आणि धातू स्वच्छ द्रावणात उतरतात. पात्र बंद ठेवण्याचे कारण पारा. तो उष्णतेने उडून जातो. पूर्वी उघड्या मुशीत जाळून राख करण्याची रीत होती. तिच्यात पारा हवेत निघून जाई आणि औषध निर्दोष असल्याचा आभास निर्माण होई.

द्रावणातील धातू मोजण्यासाठी अणुशोषण वर्णपटमापक हे उपकरण वापरले जाते. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये या पद्धतीची मांडणी केली. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. शिशाच्या दिव्याचा प्रकाश द्रावणाच्या वाफेतून सोडला की जितका प्रकाश कमी होईल तितके शिसे अधिक. पारा थंड बाष्प पद्धतीने आणि आर्सेनिक त्याचे हायड्राइड बनवून मोजतात. त्याहून आधुनिक उपकरणात आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात द्रावणाचा फवारा सोडून निर्माण झालेले आयन त्यांच्या वस्तुमानानुसार मोजले जातात. त्याद्वारे चारही धातूंचे मापन एकाच फेरीत होते.

एक लहानसे उदाहरण पाहू. अर्धा ग्रॅम भुकटीचे ५० मिलिलीटर द्रावण केले आणि उपकरणाने दर लिटरला ४० मायक्रोग्रॅम शिसे दाखविले. म्हणजे ५० मिलिलीटरमध्ये २ मायक्रोग्रॅम. ते अर्ध्या ग्रॅममधून आले, म्हणून एका ग्रॅममध्ये ४ मायक्रोग्रॅम, अर्थात दहा लाख भागांत ४ भाग. हा नमुना शिशाच्या मर्यादेत बसतो. कॅडमियमची मर्यादा मात्र याच द्रावणात लिटरला केवळ ३ मायक्रोग्रॅम इतकी खाली येते. तेथे काचेच्या भांड्यावरील धुळीचा कणही निकाल बिघडवू शकतो.

म्हणूनच प्रत्येक तपासणीसोबत तीन पडताळण्या केल्या जातात. पहिली, वनस्पती न घालता केवळ आम्लाची कोरी तपासणी. दुसरी, ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच प्रमाणित आहे अशा नमुन्याची तपासणी. यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेची सफरचंदाच्या पानांची भुकटी जगभर वापरली जाते. तिसरी, नमुन्यात ठाऊक असलेल्या प्रमाणात धातू मुद्दाम घालून तो पूर्णपणे परत मिळतो का, हे पाहणे. जमा-खर्चाचा मेळ बसला तरच निकालावर सही होते.

मर्यादा आणि मात्रा

मर्यादेत बसलेला निकाल म्हणजे अंतिम अभयपत्र नव्हे. भुकटीतील प्रमाण आणि शरीरात जाणारी मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा लाख भागांत बरोबर १० भाग शिसे असलेले चूर्ण दिवसाला ६ ग्रॅम घेतले, तर पोटात ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. आंतरराष्ट्रीय औषध नियमनाच्या मार्गदर्शक सूत्रांत पोटात घ्यावयाच्या औषधांसाठी शिशाची दैनिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. ती वनौषधींना लागू नाही, हे खरे. तरीही दोन आकड्यांतील बारापट अंतर विचारात घेण्याजोगे आहे. मर्यादा ही गाठण्याची पातळी नसून ओलांडू नये अशी शेवटची रेषा आहे, हे उत्पादकांनी आणि ग्राहकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. चूर्ण घेताना त्यातील सारा धातू पोटात जातो. काढ्यात त्याचा काही अंश चोथ्यासोबत मागे राहतो. मात्र उकळल्याने शिसे वा कॅडमियम नष्ट होते, हा समज निराधार आहे.

कागद आणि माल

निर्यात व्यवहारात बँकेचा या विषयाशी थेट संबंध येतो. पतपत्राच्या व्यवहारात बँका कागदपत्रांची तपासणी करतात, मालाची नव्हे. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे हे मूलतत्त्व आहे. परदेशी खरेदीदाराने पतपत्रात विश्लेषण-प्रमाणपत्राची अट घातली असेल, तर ते प्रमाणपत्र अटींनुसार आहे की नाही एवढेच बँक पाहू शकते. पोत्यातील अश्वगंधा खरोखर शुद्ध आहे काय, याचे उत्तर प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणावर सोपविलेले असते. एखादी खेप परदेशी बंदरातून परत आली, तर निर्यातदाराचे पैसे अडकतात, त्याच्या खात्यावर ताण येतो आणि ज्या शेतकऱ्याने पीक घेतले त्याचा भाव पडतो. म्हणूनच औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याने प्रथम माती आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. पीक तयार झाल्यावर आलेल्या प्रतिकूल अहवालापेक्षा लागवडीपूर्वीचा अहवाल केव्हाही स्वस्त पडतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने उत्तम शेती व संकलन पद्धतींबाबत मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत, त्यांचाही लाभ घेता येईल.

घरातील दक्षता

सर्वसामान्य कुटुंबाच्या हाती उपकरण नसले तरी विवेक निश्चित आहे. उत्पादकाचा परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेलीच औषधे घ्यावीत. मोठ्या प्रमाणात खरेदी करताना विश्लेषण-अहवाल मागण्यात संकोच करू नये. महामार्गाच्या कडेची, नाल्याकाठची वा कारखान्याजवळची वनस्पती, ती कितीही टवटवीत दिसली तरी, औषधासाठी तोडू नये. मुळ्या वाळविण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात चोळून धुवाव्यात. अस्वाभाविक पिवळीधमक हळकुंडे टाळावीत. तान्ह्या बाळाला कोणतीही मुळी देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाचा वा वैद्याचा सल्ला घ्यावा. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यास विनाकारण पोटदुखी, थकवा किंवा रक्तक्षय जाणवू लागला, तर चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवून रक्तातील शिशाची तपासणी करावी. मात्र धास्तीने स्वतःच्या मनाने औषधे बंद करणेही हितावह नाही.

आपल्या वनौषधींचा वारसा मोठा आहे आणि त्याबद्दलचा अभिमानही सार्थ आहे. परंतु वारशाने मिळालेली ठेवही वेळोवेळी मोजून पाहावी लागते. कोटीत तीन रुपयांची तफावत पकडणारी प्रयोगशाळा या परंपरेची शत्रू नाही. तिच्या अहवालावर विसंबून एखादी आई निःशंक मनाने आपल्या बाळाला औषध देऊ शकते, आणि परंपरेवरील विश्वास टिकविण्यासाठी यापेक्षा भक्कम तारण दुसरे नाही.